ह म्हणजे हळवा

पोत्यावर एकच अक्षर छापलेलं होतं. तांदळाचं नाव नाही, गाव नाही, गिरणीचा शिक्का नाही. खालच्या वाडीच्या पोत्यांवर ‘ग’ आणि वरच्या वाडीच्या पोत्यांवर ‘ह’. ज्यांनी ती छापली त्यांचा समज असा, की सुट्या अक्षराला काही बोलता येत नाही. ती माणसं आंबेरखोलात कधी राहिली नव्हती.

आंबेरखोलात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की भात दोन तऱ्हेचा असतो, हळवा आणि गरवा. हळवा वरच्या भरडाच्या जमिनीत होतो, शंभर दिवसांत हाताशी येतो, आणि खायला हलका म्हणून बाळंतिणीला नि आजाऱ्याला तोच द्यायचा. गरवा खालच्या मळ्यात पाण्यात पाय सोडून पाच महिने बसून राहतो. दाण्याला जड, पोटालाही जड. आता वरच्या वाडीला ‘ह’ आणि खालच्या वाडीला ‘ग’ आल्यावर त्याचा अर्थ कुणी कुणाला विचारायची गरजच उरली नाही.

रसिका गवस ही नव्या तांदळाच्या प्रकल्पाची नोंदणीताई. दर सोमवारी दोन्ही वाड्यांतली पंचेचाळीस घरं फिरायची, माणसांची वजनं घ्यायची, दंडावरची चकती सुटली नाही ना ते पाहायचं, हे तिचं काम. कुठला तांदूळ नवा आणि कुठला साधा हे खाणाऱ्याला कळता कामा नये, नोंदणाऱ्याला कळता कामा नये, खुद्द डॉक्टरीणबाईंनासुद्धा नऊ महिने कळता कामा नये, हा नियम तिने स्वतःच्या तोंडाने घरोघरी समजावला होता. आणि कार्तिकातल्या पहिल्या सोमवारी टेंपोतून पोती उतरताना तिने ‘ह’ वाचला तेव्हा तो नियम आधी तिलाच नकोसा झाला, कारण तिचं घर खालच्या वाडीत होतं.

डॉक्टरीणबाई म्हणजे डॉ. नूपुर बिराजदार. बाई सोलापूरच्या, ज्वारीच्या मुलखातल्या. रक्ताच्या डॉक्टर, भाताच्या नव्हेत. पण शाळेच्या पडवीत सभा घेऊन त्यांनी भाताचं जे सांगितलं ते गावाला पटलं होतं. शितात म्हणे पिठाचे दोन तऱ्हेचे धागे असतात. एक फांद्याफांद्यांचा. तो आतड्यात झटकन सुटतो, त्याची साखर होते, आणि गरजेपेक्षा जास्त झालेली साखर यकृत वाया घालवत नाही. तिची ते चरबी करतं, थोडी रक्तात सोडतं, थोडी पोटावर ठेवून देतं. दुसरा धागा सरळ आणि घट्ट वळलेला. तो वरच्या आतड्याला उकलतच नाही, तसाच मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथल्या जिवाणूंच्या पंगतीला वाढला जातो. ते त्याची बारीक आम्लं करतात, आणि ती आम्लं यकृताला सांगतात की बाबा, पुरे कर आता. कुठल्या जातीत कुठला धागा किती, त्यावर तो भात अंगावर चढणार की नाही हे बरंचसं ठरतं.

बाईंच्या संस्थेने एका गावठी जातीतला एक जनुक जरासा वळवून हा सरळ धागा कितीतरी वाढवला होता, आणि एरवी कोंड्याबरोबर कोंबड्यांच्या पुढ्यात जाणारं गुणी तेल दाण्याच्या पोटात आणलं होतं. तांदूळ कितीही कांडला तरी ते आतच राहायचं. दिसायला मात्र नवा नि साधा अगदी सारखे, हातावर घेऊन उन्हात धरले तरी ओळखू येऊ नयेत असे. दंडावर रुपयाएवढी चकती, ती दर तासाला रक्तातली चरबी मोजून संस्थेला कळवणार. घालणाऱ्याला आकडा दिसायचा नाही, कारण आकडा दिसला की माणूस ताट बदलतो, असं बाई म्हणाल्या. गावाने नव्या तांदळाचं नाव ठेवलं डॉक्टरभात.

प्रकल्पाने आंबेरखोल निवडलं ते गवसांच्या रक्तासाठी. त्या रक्तातून चरबी वेळेवर निघून जात नसे. काचेच्या नळीत घेऊन तासभर ठेवलं की वर साय धरायची. रसिकाचा नवरा सुहास छत्तिसाव्या वर्षी एका दुपारी जेवून उठला, हात धुवायला गेला आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर बसला तो पुन्हा उठलाच नाही. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचं, शर्वीचं रक्त तपासलं. आठ वर्षांची पोर, आणि नळीत बोटभर साय. रसिकाने ती नळी डोळ्यांनी पाहिली आणि त्या दिवसापासून दुधावरची साय तिच्या घशाखाली उतरली नाही.

सुहासचा धाकटा भाऊ गुरुनाथ वरच्या वाडीत एकटा राहायचा. गिरणीवर पोती भरायचं नि शिवायचं काम. रक्त तेच, म्हणून त्याने लग्न केलं नाही. आणखी एक रसिका कशाला तयार करायची, असं एकदाच बोलला होता. शर्वीला सायकल त्याने शिकवली, तिच्या वह्यांना कव्हरं तो घालायचा. आणि शर्वीला जो डॉक्टरभात मिळायला हवा होता तो आता त्याच्या वाट्याला जाणार होता, एका अक्षरामुळे.

टेंपो वरच्या वाडीला चढत नसे. पाखाडीच्या पायऱ्या लागत. गुरुनाथचं पोतं रसिकाच्या पडवीत उतरायचं आणि संध्याकाळी गिरणीवरून येता येता तो ते खांद्यावर टाकून वर न्यायचा. म्हणजे भर दुपारी चारपाच तास ‘ह’ आणि ‘ग’ ही दोन पोती तिच्या पडवीत एकमेकांना टेकून उभी असणार होती.

पहिल्या दिवशी तिने ती नुसती पाहिली. आत गेली, बाहेर आली. भांडी घासली, पुन्हा बाहेर आली. शेवटी फडताळातला दाभण काढला, दोन्ही पोत्यांची तोंडं उसवली, एकातला तांदूळ टोपल्यांत ओतला, दुसऱ्यातला पहिल्यात, टोपल्यांतला दुसऱ्यात, आणि तोंडं शिवून टाकली. अक्षरं जागच्या जागी राहिली, तांदूळ तेवढा बदलला. टाके सरळ आले. कोकणातल्या बाईला पोतं शिवायला शिकवावं लागत नाही.

संध्याकाळी गुरुनाथ आला. पोत्याच्या तोंडाशी जरा घुटमळला, मग वाकून ते खांद्यावर घेतलं आणि पाखाडी चढून गेला. तिने चहाही विचारला नाही. त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली आणि मग शर्वीवर उगाचच खेकसली.

असं दर महिन्याला झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, रसिकाच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलेलं असायचं. सोमवारी वजनं घ्यायला गेली की तिला वाटे, वही उघडताच कुणीतरी सगळं वाचेल. मात्र वही उघडल्यावर जे समोर दिसत होतं ते तिला स्वतःलाच वाचता आलं नाही.

खालची वाडी उतरत चालली होती. दोन किलो, तीन किलो. बायका कुरकुरायच्या, ‘हो भात अंगाक लागणा नाय गो. खातंव तितके सुकतंव.’ खाल्लेलं अंगी लागणं ही आंबेरखोलात अन्नाची पहिली परीक्षा. वरची वाडी खूश होती, त्यांचं वजन जिथल्या तिथे किंवा थोडं वरच. खालच्यांनी तर सरपंचांकडे अर्ज दिला की आमच्यावर अन्याय होतोय, आम्हालाही हळवा मिळावा. आणि शर्वी, जी खालच्या वाडीत राहून वरचा तांदूळ खात होती, ती छान भरली. गाल वर आले, फ्रॉक दंडात रुतायला लागले. शेजारणी हनुवटी धरून म्हणायच्या, ‘चेडवाक अन्न लागला हां.’ ते ऐकून रसिकाला रडू यायचं, सुखाने.

गुरुनाथ मात्र वाळत होता. एकाहत्तरवरून अडुसष्ट, माघात पासष्ट. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं होतं. रसिकाच्या काळजाचं पाणी झालं, कारण सुहासही जायच्या आधीच्या वर्षात असाच उतरला होता. तिने माशाचं सार पाठवलं, नारळ घालून खीर पाठवली. काट्यावर तो उभा असताना न राहवून तिने विचारलं, दोन वेळ नीट जेवता ना.

‘जेवतंय गो,’ तो म्हणाला. ‘पोत्यातलोच तांदूळ जेवतंय. तू माझी काळजी सोड. चेडवाक बघ.’

त्या रात्री नव्हे, त्याच क्षणी तिने ठरवलं, की पुढच्या महिन्यात दाभणाला हात लावायचा नाही. झालं तेवढं पाप पुरे. पोती आली. ती दुपारभर हात बांधून बसली. तीन वाजता शर्वी शाळेतून आली, पाखाडीवरून धावत, आणि पडवीत येऊन छातीवर हात ठेवून बसली. दम लागला होता, इतकंच. लठ्ठ होत चाललेल्या कुठल्याही मुलीला लागतो तसा. पण रसिकाला न्हाणीचा उंबरा दिसला. पोरीला खायला देऊन तिने तिला शेजारी खेळायला पाठवलं आणि पोत्याचं तोंड उसवलं.

श्रावणात नऊ महिने पुरे झाले. डॉ. बिराजदार निकालाचं सीलबंद पाकीट घेऊन आल्या आणि आरोग्य उपकेंद्रात एकेका घराला बोलावून बसल्या. खालच्या वाडीतली माणसं आत जाताना तक्रार घेऊन जात आणि बाहेर येताना गोंधळून येत. गवसांना त्यांनी शेवटी बोलावलं, दोन्ही घरांना एकत्र. शर्वी बाहेर ओट्यावर पाय हलवत बसली होती.

बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. म्हणाल्या, नवा तांदूळ म्हणजे ‘ग’. खालच्या वाडीत एक घर सोडून सगळ्यांची चरबी उतरली आहे, आम्ही धरली होती त्याहून जास्त.

रसिकाला पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. ‘ग’ म्हणजे नवा, एवढंच कानात घुमत राहिलं. नऊ महिने डॉक्टरभात तिच्या पडवीत तिच्या मुलीच्या नावाने येत होता आणि नऊ महिने स्वतःच्या हाताने ओतून तिने तो दुसरीकडे पाठवला होता.

‘ते एक घर तुमचं आहे,’ बाई सांगत होत्या. ‘शर्वी नवा तांदूळ खात होती, तरी तिची चरबी तीनशे दहावरून चारशे वीसवर गेली. आणि तिचे काका साधा तांदूळ खाऊन पाचशे चाळीसवरून एकशे नव्वदवर आले. दोन माणसं, एकच रक्त, आणि दोघांचं उलट. याचा मला एकच अर्थ लागतो. तुमच्या घराण्यात हा तांदूळ उलटा चालतो. मी तसंच लिहिणार आहे. शर्वीचा नवा तांदूळ आजपासून बंद. आणि गुरुनाथ, तुम्ही आहे तोच साधा खात राहा, तुम्हाला तो मानवलाय.’

शर्वीसाठी मग इंजेक्शन राहतं, असं बाई हळू आवाजात म्हणाल्या. दर आठवड्याला, यकृत सांभाळून, आणि इतक्या लहान मुलांना ते दिलेलं त्यांनी स्वतः अजून पाहिलं नव्हतं.

रसिकाला समोर वाट स्पष्ट दिसली. गप्प बसलं तर नोकरी राहते, तोंड दाखवता येतं, दिराच्या डोळ्यांत तीच वहिनी राहते. फक्त शर्वीला तो भात आयुष्यात पुन्हा मिळत नाही, आणि गुरुनाथ आजपासून साध्या तांदळाची पोती वर नेतो, साधाच म्हणून, आणि वर्षा दोन वर्षांत त्याचं रक्त पुन्हा साय धरतं. एकाच गप्प बसण्यात दोघंही जाणार होते.

‘तसं लिहू नका,’ ती म्हणाली. ‘पोती मी बदलली. दर महिन्याला. माझ्या पोरीने ‘ह’ खाल्ला, आणि भावोजींना मी ‘ग’ खायला घातला.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. रसिका टेबलाच्या कडेकडे बघत बोलत राहिली. दाभण, टोपल्या, फाल्गुनातली ती दुपार, सगळं. गुरुनाथकडे बघायची तिची हिंमत नव्हती. तिला वाटलं, तो आता उठून जाईल, आणि त्याने जावंच.

‘माका ठावक होता,’ गुरुनाथ म्हणाला.

बाईंनी विचारलं, कधीपासून.

‘पयल्या दिसापासून. बारा वर्सां पोती शिवतंय मी. गिरणीचो टाको उजवीसून डावीक जाता. वैनीचो डावीसून उजवीक. तोंड बघितलंय आणि कळला.’

‘मग गप्प का बसलात?’

त्याने शर्टाच्या खिशाचं बटण उगाच काढलं, पुन्हा लावलं. ‘हळवो भात चेडवाक मिळांदे म्हटलंय. माझा काय, मी मेलंय तर रडूक कोण आसा.’

रसिकाने तेव्हा मान वर केली. हा माणूस नऊ महिने रोज दोन वेळ पानावर बसून, हे आपल्याला मारणारं अन्न आहे असं समजून जेवला होता. तिने त्याच्या ताटातलं चोरलं आणि त्याने ते चोरू दिलं, आणि त्याच भाताने तो वाचला होता. तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याला मारावंसंही वाटलं.

बाईंना मात्र मूळ गोष्टच कळेना. पोत्यावर नाव नव्हतं, रंग सारखा, दाणा सारखा. ‘ह’ चांगला हे तुम्हाला सांगितलं कुणी, असं त्यांनी दोनदा विचारलं.

‘ह म्हणजे हळवा,’ रसिका म्हणाली. गुरुनाथही तेच म्हणाला, तिच्याबरोबरच.

हळवा म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागलं. ऐकता ऐकता डॉ. बिराजदारांचा चेहरा उतरत गेला. त्या म्हणाल्या, आमच्या कोठाराला दोन दारं आहेत. एक हिरवं, एक गुलाबी. त्यांची पहिली अक्षरं. त्यामागे दुसरं काही नव्हतं. मग खिडकीबाहेर बघत, आमच्याकडे हळवा म्हणजे लगेच डोळ्यांत पाणी येणारा माणूस, एवढंच त्या पुटपुटल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

मग त्या पुन्हा डॉक्टर झाल्या. गवसांची दोन्ही घरं प्रयोगातून बाद, रसिकाचं काम आजपासून बंद, आणि जे घडलं ते संस्थेला लेखी कळवावं लागेल, असं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. चकत्यांवर काय दिसलं ते मात्र नाकारता येणार नव्हतं. या रक्तावर तांदूळ चालतो, एकशे नव्वदचा पुरावा समोरच्या खुर्चीत बसला होता. शर्वीला तो मिळेल, औषध म्हणून, त्यांच्या सहीने. नऊ महिने गेले ते गेले, पण पोर अकराच वर्षांची आहे, असं त्या म्हणाल्या, आणि रसिकाला तेवढं पुरलं.

घरी जाताना शर्वी मध्ये आणि ही दोघं दोन बाजूंना. पाखाडीच्या पायथ्याशी पोरीने काकाच्या पट्ट्याची भोकं मोजली आणि विचारलं, तू एवढो बारीक कित्याक झालंस. गुरुनाथ म्हणाला, तुझ्या आवशीच्या रांधपाक कंटाळान. आपल्या रांधण्यावरच्या त्या चेष्टेने रसिकाला हसू आलं नाही. पायऱ्या चढून तो दिसेनासा होईपर्यंत ती खालीच थांबली.

भाद्रपदात पोती आली. नोंदणीताई आता दुसऱ्या गावची होती. तिने दोन्ही पोती रसिकाच्या पडवीत उतरवून घेतली आणि सही मागितली. दोन्हींवर ‘ग’. रसिका त्या दिवशी पडवीत फिरकलीच नाही. संध्याकाळी भांड्यांचा आवाज मुद्दाम मोठा करत आतच राहिली.

गुरुनाथ आला तेव्हा ती दारात आली. तो वाकला होता, आणि खांद्यावर घेण्याआधी पोत्याचं तोंड त्याने बोटाने चाचपलं. उजवीकडून डावीकडे. मग त्याला ती दिसली. बोट त्याने झटकन काढून घेतलं.

‘बघूक नाय गो,’ तो ओशाळून म्हणाला. ‘हाताक सवय पडली.’

ती आत गेली, फडताळ उघडलं आणि दाभण घेऊन आली. त्याच्या टोकाला अजून सुतळीचा तुकडा लोंबत होता.

‘भावोजी, हो तुमच्याकडे ऱ्हवांदे,’ ती म्हणाली.

गुरुनाथने दाभणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नको म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. पण तिचा हात तसाच पुढे राहिलेला पाहून त्याने तो दाभण घेतला, सुतळी त्याच्याभोवती नीट गुंडाळून खिशात ठेवला, आणि पोतं खांद्यावर टाकून पाखाडी चढायला लागला.